कंपनी मोठी आहे, पण काम कोणतं?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी एमबीए फायनान्स झाली. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका मोठ्या आयटी कंपनीत ‘प्रोसेस असोसिएट, फायनान्स अँड अकाउंटिंग’ अशी जागा निघाली आहे. शेवटच्या तारखेला दहा दिवस उरलेत आणि ती अर्ज भरायचं सोडून ‘आधी माहिती काढते’ म्हणत बसली आहे. ‘एवढी मोठी कंपनी, नागपूर सोडायची गरज नाही, मग माहिती कसली काढायची? तुम्हीच समजवा तिला,’ असं तुम्ही लिहिलंत.

भाऊ, मी तिच्या बाजूने आहे. तारीख हातची जाऊ नये ही तुमची काळजीही रास्त आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

पोरगी मिहानमध्ये लागली म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. पण एवढ्या मोठ्या कंपनीत एकाच छताखाली शंभर तऱ्हेची कामं चालतात. ‘फायनान्स अँड अकाउंटिंग’ या एका नावाखालीच निदान चार वेगळ्या नोकऱ्या असतात. पहिली पीटूपी, म्हणजे परदेशी ग्राहक कंपनीच्या खरेदीची बिलं. बिल, खरेदीची ऑर्डर आणि माल मिळाल्याची नोंद जुळते का बघायचं. जुळलं तर पुढे पाठवायचं, नाही जुळलं तर मेल लिहून पिच्छा पुरवायचा. दिवसाला इतकी बिलं, असं टार्गेट असतं. दुसरी ओटूसी, म्हणजे येणं वसूल करायची बाजू. तिथे बोलण्याचं काम जास्त. तिसरी आरटूआर: जर्नल एन्ट्री, खात्यांचा मेळ, महिन्याचं क्लोजिंग म्हणजे त्या महिन्याचे हिशेब पुरे करून बंद करणं. इथे बॅलन्सशीट खरोखर समजावी लागते आणि क्लोजिंगच्या दिवसांत सुटी मागायची सोय नसते. चौथी एफपी अँड ए, म्हणजे बजेट, अंदाज, फरकाची कारणं. एमबीएची मुलं फायनान्स म्हणताना मनात बहुधा हीच धरतात, आणि नवख्यांना सहसा हीच मिळत नाही.

यातलं कुठलंच काम हलकं नाही. पण दोन वर्षं बिलं जुळवल्यावर ‘हे तर मला करायचंच नव्हतं’ असं कळणं मुलीला फार जड जातं, आणि तोवर पहिला अनुभव त्याच कामाचा लागलेला असतो.

तेव्हा तिला जाहिरात पुन्हा वाचायला सांगा, पदाचं नाव झाकून. खाली कामांची यादी असते, त्यात नोकरी कुठली ते लिहिलेलं असतं. इन्व्हॉइस, व्हेंडर हे शब्द सारखे येत असतील तर पीटूपी. कलेक्शन, डिस्प्यूट असेल तर ओटूसी. रिकन्सिलिएशन, मंथ-एंड असेल तर आरटूआर. व्हेरिअन्स, फोरकास्ट असेल तर एफपी अँड ए. मग लिंक्डइनवर त्याच कंपनीत याच पदावर तीन-चार वर्षांपूर्वी लागलेली माणसं शोधायची आणि ती आज कुठे आहेत ते बघायचं. एखाद्याचं काही सांगता येत नाही, पण दहा-बारा जणांचा प्रवास पाहिला की वाट दिसते.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. वाणिज्य शिकलेल्या मुलीने तो वाचायलाच हवा. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा अहवाल, सक्तीचा केला आहे. त्यात कायम कर्मचारी किती, बाकीचे किती, आणि गेल्या तीन वर्षांत दर वर्षी किती टक्के लोक सोडून गेले, हे द्यावंच लागतं. कर्मचाऱ्यांचा मध्यक (मीडियन) पगार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा पगार, वर्षात किती टक्क्यांनी वाढला तेही वार्षिक अहवालात सापडतं. हे आकडे सबंध कंपनीचे असतात, नागपूरच्या ऑफिसचे नसतात, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. शिवाय नेमणूकपत्र या कंपनीचं मिळणार की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं, हे स्पष्ट विचारायचं. आणि कुणी ‘डिपॉझिट’ मागितलं, तर तिथेच थांबायचं.

एक गोष्ट तुम्हा दोघांनी मिळून बघायची आहे, ती म्हणजे शिफ्ट. ग्राहक कोणत्या देशातला त्यावर ती ठरते. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे ७.३० झालेले असतात, उन्हाळ्यात ६.३०. तुम्ही वर्धमाननगरला राहता. ॲक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून ऑरेंज लाइनने खापरी, हे दिवसा ठीक आहे, पण मेट्रो रात्रभर चालत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकावर असते. त्यामुळे ‘कॅब दारापर्यंत येते की चौकापर्यंत?’ हे विचारताना तिने मुळीच संकोचू नये.

सगळ्यात खरी माहिती मात्र तिथे काम करणाऱ्याकडून मिळते. तिच्या कॉलेजची सीनियर मुलं मिहानमध्ये असतीलच. ‘कंपनी कशी आहे?’ विचारलं तर ‘चांगली आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘काल दिवसभर काय काय केलंस?’ असं विचारावं. कोणतं सॉफ्टवेअर उघडलं, कुणाशी बोलावं लागलं, कुठे अडकलीस, घरी किती वाजता पोचलीस, हे ऐकलं की काम डोळ्यांपुढे उभं राहतं.

आता तारखेचं. या सगळ्याला चार-पाच दिवस पुरतात. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी अर्ज गेलाच पाहिजे, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. काही प्रश्नांची उत्तरं तोवर मिळाली नाहीत, तरी अर्ज भरायचा आणि ते प्रश्न मुलाखतीत विचारायचे. काढलेली माहिती अर्जातही कामाला येते. जागा आरटूआरची निघाली, तर तिने अभ्यासक्रमात केलेला ताळेबंदाचा प्रकल्प बायोडेटात वर यायला हवा. पीटूपीची निघाली, तर तिला ती खरंच हवी आहे का, हे तिला ठरवू द्या. तिने नाही म्हटलं, तर त्यामागे तिची चार दिवसांची मेहनत असेल, आळस नसेल, एवढं तुम्ही धरून चाला.