शिकागोत नवा आलायस ना? मग हे ऐक
अरे, डब्याच्या वेळी कुणी "कब्स की सॉक्स?" विचारलं, तर लगेच तोंड उघडू नकोस. हे इथले दोन बेसबॉल संघ. आधी समोरचा राहतो कुठे ते काढ. उत्तरेकडचा बहुधा कब्सचा, दक्षिणेकडचा व्हाइट सॉक्सचा. कब्सवाले १९०८ नंतर थेट २०१६ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकल्याचं पुराण लावतील, लावू देत. पण सॉक्सवाल्यापुढे त्यांचं २००५चं अजिंक्यपद विसरलास तर मेलास! त्यांनीही ८८ वर्षं वाट पाहिली होती, आणि त्याचं कौतुक कमी झालं ही त्यांची दुखरी नस. मी पहिल्या वर्षी दोन्ही टोप्या घेऊन आलटूनपालटून घातल्या. दोन्हीकडून बोलणी खाल्ली. अमेरिकन फुटबॉलचं सोपंय, जवळजवळ सगळेच शिकागोच्या बेअर्स संघाचे, आणि सगळेच रडणारे. १९८५च्या विजेत्या संघाच्या गोष्टी निमूट ऐकायच्या. फक्त बेअर्सच्या कट्टर वैऱ्यांचा, म्हणजे पॅकर्सचा, हिरवा-पिवळा शर्ट घालून आमच्याकडे जेवायला येऊ नकोस.