‘एंड अप’ म्हणजे ‘संपणे’ नव्हे, मग काय?

तुम्ही विचारलंय की शब्दकोशात ‘एंड अप’चा अर्थ ‘शेवट होणे’ असा दिलाय, तरी ‘माय एक्झाम एंडेड अप यस्टर्डे’ हे वाक्य सरांनी का खोडलं. खोडलं ते बरोबरच, पण दोष तुमच्यापेक्षा त्या त्रोटक अर्थाचा जास्त आहे. परीक्षा संपली एवढंच सांगायचं तर नुसतं ‘एंडेड’ पुरतं. पुढे ‘अप’ लागलं की काय संपलं हा प्रश्नच बाजूला राहतो आणि शेवटी कोण कुठे जाऊन पोचलं, कोणावर काय करायची वेळ आली, ते सांगणं सुरू होतं.

हीच चूक मीही केली आहे, आणि तीही लेखी. नोकरीत नवा असताना मी सगळ्यांना पाठवलेल्या मेलमध्ये ‘द मीटिंग एंडेड अप ॲट फाइव्ह’ असं ठोकून दिलं होतं. एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘पाचपर्यंत मीटिंग कुठे जाऊन पोचली म्हणे?’ तेव्हा विनोद कळला नाही, नंतर कळला. तुम्हाला ओशाळायचं तर काहीच कारण नाही. क्रियापदाला असं शेपूट जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची सवय परक्यांना सगळ्यात जड जाते, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय.

माझं म्हणणं असं की ‘एंड अप’ला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, तसा एक शब्द नाही. त्याऐवजी आपण मराठीत हीच गोष्ट कशी बोलतो ते आठवा. ‘टॅक्सी नको, टॅक्सी नको म्हणत होतो, शेवटी टॅक्सीच करावी लागली.’ झालं, ‘वी एंडेड अप टेकिंग अ टॅक्सी’. ‘मदतीला येतो असं सगळे म्हणाले होते, शेवटी सगळं मलाच करावं लागलं.’ म्हणजे ‘आय एंडेड अप डूइंग एव्हरीथिंग मायसेल्फ’. यात ‘टॅक्सीच’ आणि ‘मलाच’मधला ‘च’ बघा. ठरवलं होतं एक आणि झालं भलतंच, हे तो एकटा ‘च’ सांगून जातो. इंग्रजीत तसा ‘च’ नाही, म्हणून त्यांना ‘एंड अप’ लागतं.

दुसरी खूण म्हणजे आपलं ‘बसणे’. खुर्चीत बसायचं नव्हे, ‘करून बसणे’मधलं. ‘नाही म्हणायला गेलो आणि हो म्हणून बसलो’ याला ‘आय एंडेड अप सेइंग येस’ इतकं चपखल दुसरं इंग्रजी मला तरी सुचत नाही. पण इथे जरा जपून. ‘बसणे’मध्ये पस्तावा असतो, ‘एंड अप’मध्ये तो असेलच असं नाही. ‘सुरुवातीला काम कंटाळवाणं वाटलं, पण नंतर आवडायलाच लागलं’ हेसुद्धा ‘आय एंडेड अप लायकिंग इट’च होतं. इथे ‘आवडून बसलं’ म्हणून बघा, कानालाच खटकेल.

उलट बाजूनेही फसगत होते. ‘मी किल्ली हरवून बसलो’ हे वाक्य मराठीत एकटं उभं राहतं. ‘आय एंडेड अप लूझिंग माय की’ मात्र एकटं टाकलं की ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघत राहतो: अरे, पण झालं काय? या क्रियापदाला मागे थोडा रस्ता लागतो. काहीतरी ठरलं होतं, काहीतरी फिसकटलं, दोनचार वळणं आली आणि मग ‘एंडेड अप’. तो रस्ता वाक्यात तरी सांगा, नाहीतर आधीच्या बोलण्यात तरी आलेला असू दे.

आता रचना. क्रियापद आलं तर त्याचं ‘इंग’वालं रूपच येतं. ‘एंडेड अप टु टेक’ असं कधीच नाही. ही चूक बहुतेक ‘टर्न आउट’मुळे होते, कारण तिथे ‘टु’ चालतो: ‘द न्यूज टर्न्ड आउट टु बी फॉल्स’, म्हणजे बातमी खोटी निघाली. नकार द्यायचा तर ‘नॉट’ मध्ये घाला: ‘वी एंडेड अप नॉट गोइंग’, जायचं राहूनच गेलं. जागा आली तर जागेचं शब्दयोगी: ‘हाउ डिड माय कीज एंड अप इन द फ्रिज?’, माझ्या किल्ल्या फ्रिजमध्ये गेल्याच कशा? ‘विथ’ लावलं की हातात काय उरलं किंवा पदरात काय पडलं ते कळतं: ‘आय एंडेड अप विथ टू कॉपीज’, एकाच पुस्तकाच्या माझ्याकडे दोन प्रती झाल्या. विशेषण थेट लावता येतं: ‘ही एंडेड अप अलोन’, शेवटी तो एकटा पडला. ‘एंड’ आणि ‘अप’ यांच्यामध्ये मात्र काहीही शिरत नाही. ‘पिक इट अप’सारखं ‘एंड इट अप’ होत नाही, कारण याला कर्मच नाही.

धाक घालायलाही हे फार उपयोगी. ‘ड्राइव्ह लाइक दॅट अँड यू विल एंड अप इन हॉस्पिटल’ म्हणजे अशी गाडी हाकलीस तर थेट हॉस्पिटलात पोचशील. आणि ‘आय डोन्ट वॉन्ट टु एंड अप लाइक हिम’ म्हणजे त्याच्यासारखी गत व्हायला नको. ‘गत’ हा शब्द इथे काय नेमका बसतो!

एका ठिकाणी मात्र मी ते टाळतो, माफी मागताना. ‘आय एंडेड अप मिसिंग द डेडलाइन’ असं लिहिलं की मुदत जणू आपोआप हुकली, तुमचा त्यात हातच नव्हता, असा वास येतो. मराठीत ‘पाठवायचं राहून गेलं’ म्हणतो ना आपण, तसंच. मित्राला चालतं, साहेबाला लिहिताना सरळ ‘आय मिस्ड इट’ लिहावं.

उच्चारताना ‘एंड’ आणि ‘अप’ वेगवेगळे तोडू नका. बोलण्यात ते ‘एन्डप’, भूतकाळात ‘एन्डिडप’ असं सलग येतं. पहिल्यांदा ऐकताना माझ्या कानाला तो एकच अनोळखी शब्द वाटायचा.

याचाच जुळा भाऊ ‘वाइंड अप’. ‘वी वाउंड अप टेकिंग अ टॅक्सी’ म्हटलं तरी अर्थ तोच. घोटाळा एवढाच की आपल्याकडे ‘चला, वाइंड अप करू’ म्हणजे आवरतं घेऊ, आणि तो वापरही बरोबरच आहे. ‘एंड अप’ला मात्र हा आवरण्याचा अर्थ नाही, त्यामुळे ‘चला, एंड अप करू’ म्हणू नका.