अकरावीचं गणित आणि चिलटाचा डोळा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. उजेड पडला की माशीच्या डोळ्यातल्या पेशींचा ऊर्जेचा खर्च वाढतो, असं तिने एका शिबिरात ऐकलं. तेव्हापासून ती बरणीत केळं ठेवून चिलटं पाळते आणि मला यातच संशोधन करायचंय म्हणते. घरच्यांना वाटतं, गणित सोडून नीटच्या मागे लागावं. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "माशीच्या डोळ्यात काय ठेवलंय, तुम्हीच सांगा तिला."

नमस्कार दादा,

तिला सांगण्याआधी तुम्हालाच सांगतो, कारण यातलं बरंचसं तुम्हाला चटकन कळेल. बरणीतली लाल डोळ्यांची चिलटं म्हणजे ड्रॉसोफिला. पेरू-आंब्याला डंख मारणारी फळमाशी वेगळी. ही पिकून फुटलेल्या मण्यांवर घोंगावते. हिच्या एका डोळ्यात साडेसातशेच्या आसपास बारीक भिंगं असतात आणि प्रत्येक भिंगाखाली उजेड टिपणाऱ्या आठ पेशी.

उजेड पडला की या पेशींच्या पडद्यातली दारं उघडतात आणि सोडियम, कॅल्शियम आत घुसतात. त्यातूनच 'दिसलं' हा संदेश तयार होतो. पण आत आलेलं बाहेर काढावं लागतं, नाहीतर पुढचा संदेश उठणार नाही. विहिरीला झरे सुटले की मोटार जास्त चालते आणि बिल वाढतं, तसंच हे. पेशीतला पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्च करतो. म्हणजे उजेड जितका जास्त, तितकं बिल मोठं. आपल्या डोळ्यात मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींचं नेमकं उलटं आहे. त्यांची दारं अंधारात उघडी असतात आणि उजेडात मिटतात, त्यामुळे त्यांना अंधारच महाग पडतो.

आता गणिताकडे येतो. तीन बाहेर, दोन आत, म्हणजे दर फेरीला एक धनभार बाहेर पडतो. समजा, एका पेशीच्या पंपाचा निव्वळ प्रवाह १ नॅनोअँपिअर (अँपिअरचा अब्जावा भाग) भरला. त्याला इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने भागलं की सेकंदाला सुमारे ६२० कोटी एटीपी येतात. हा भागाकार तुमची लेक आज, अकरावीच्या पुस्तकावर करू शकते. १९९८ साली केंब्रिजच्या सायमन लॉफलिन आणि सहकाऱ्यांनी ब्लोफ्लाय नावाच्या मोठ्या माशीच्या डोळ्यावर असाच हिशेब मांडला आणि माहितीच्या एकेका बिटला (बिट म्हणजे माहिती मोजायचं सर्वांत लहान माप) किती एटीपी लागतात ते काढलं. पुढे २००७ मध्ये वेगवेगळ्या माशांची तुलना झाली. मोठ्या पेशी जास्त माहिती देतात, पण एका बिटचा खर्चही त्यांना जास्त येतो आणि अंधारात नुसतं बसायलाही जास्त मोजावं लागतं. मधमाशीच्या नराच्या डोळ्यात तर आधार देणाऱ्या पेशी साखरेपासून अलॅनिन हे अमिनो आम्ल बनवून उजेड टिपणाऱ्या पेशींना पुरवतात. शेजारणीने डबा पाठवावा तसं! मला हे फार सुंदर वाटतं, आणि तुमच्या मुलीला ते सोळाव्या वर्षी सुंदर वाटतंय याचं मोल मी जाणतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: गणित सोडू नका. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी 'ओझं कमी कर' म्हणून गणित सोडायला लावलं. बी.एस्सी.नंतर त्याला मेंदूविज्ञानाकडे वळायचं होतं, तेव्हा त्याला पाया पुन्हा घालावा लागला. तो सल्ला माझा चुकला होता.

नीट द्यायला हरकत नाही, पण सोबत आयसर पुणे या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी. त्यात ६० प्रश्न असतात, चार विषयांचे १५-१५. गणित सोडलं तर पाव पेपर आपणच टाकून दिल्यासारखं होतं. आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस हा सलग पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रम होतो. नंबर लागला नाही तर सांगलीत विलिंग्डनसारख्या कॉलेजात बी.एस्सी. आणि नंतर आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., हा रस्ताही चांगला आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत माशीच्या डोळ्यावर काम चालतं, म्हणजे हा विषय परदेशातच आहे असं नाही.

पैशाचंही उघड बोलू. पीएच.डी. धरून दहा-अकरा वर्षं जातील. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. कायमची नोकरी कधी लागेल याची हमी मी देणार नाही. हे तिच्यासमोर बसून बोला, तिच्यामागे नको.

आणि तिची आवड किती टिकते हे बघायचं असेल तर तिला एक काम द्या. काचेच्या नळीत वीस चिलटं घ्यायची, नळीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा आणि दर मिनिटाला उजेडात किती आहेत ते मोजायचं. रोज एकाच वेळी, पंधरा दिवस. आकडे न खोडता वहीत लिहायचे. आठव्या दिवशी कंटाळा येतो, मी पाहिलंय. नवव्या दिवशीही ती बसली तर मला कळवा.

बेदाण्याच्या सौद्याला सांगलीत याल तेव्हा तिला घेऊन या, वहीसकट.