सान कुठे लावायचं, कुठे काढायचं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. ओसाकाच्या कंपनीत 1 एप्रिलला रुजू व्हायचं आहे हे वाचलं आणि लगेच खाली जाऊन शेजारच्या वहिनींना सांगून आले, इतका आनंद झाला. शेवटी तू जे विचारलं आहेस, त्याचं उत्तर फोनवर चार वाक्यांत देता आलं असतं. पण ते तसं उरकावं असं वाटेना. ‘जपानी कान्जी अक्षरं वाचता येतात, व्याकरण येतं, पण माणसाला हाक मारायची वेळ आली की जीभ अडते,’ असं तू लिहिलंस. माझीही अडायची. पुण्यातल्या कारखान्यांत आणि तिकडे जपानमध्ये दुभाषी म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त चुका इथेच नडल्या, क्रियापदांत नव्हेत.

सोपं ते आधी सांगते. ‘सान’ म्हणजे तुझं रोजचं वरणभात. बाई की पुरुष, लग्न झालेलं की न झालेलं, वयाने मोठं की धाकटं, काहीही पाहावं लागत नाही. आपल्यासारखी श्री., सौ., कुमारी अशी निवड करत बसायची गरज नाही. आडनाव घ्यायचं, पुढे सान लावायचं. युद्धानंतर 1952 साली तिथल्या भाषाविषयक परिषदेने आदरार्थी भाषेबद्दल एक मार्गदर्शिका काढली होती. यापुढे आदर वरच्या-खालच्या पायरीवर न ठरता माणसामाणसांतल्या परस्पर मानावर उभा असावा, असं तिने म्हटलं आणि हाक मारण्याचं प्रमाण रूप म्हणून सान पुढे केलं. 2007 सालच्या नव्या मार्गदर्शिकेनेही हाच परस्पर मानाचा पाया धरला. तेव्हा सान वापरताना आपण कमी तर पडत नाही ना, ही भीती बाळगू नकोस. मात्र स्वतःच्या नावाला सान कधीही लावायचं नाही. क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात सगळे हे घोकतात आणि तिकडे उतरल्यावर घाबरून नेमकं तेच करतात.

आडनाव नीट वाचता येणं ही आदराची पहिली पायरी. एकच अक्षरजोडी एका घरात नाकाजिमा असते, दुसऱ्या घरात नाकाशिमा. यामाझाकी की यामासाकी, हे तर त्या माणसालाच ठाऊक. कुणी कार्ड दिलं की दोन्ही हातांनी घेऊन वाच, आणि शंका असेल तर तिथेच विचार, ‘आपलं नाव कसं वाचायचं?’ त्यात कुणाला वाईट वाटत नाही. सहा महिने चुकीच्या नावाने हाक मारलेली मात्र खुपते. सैतोओ हे आडनाव लिहिण्याच्या तर कितीतरी तऱ्हा आहेत. ईमेल पाठवण्याआधी समोरच्याच्या सहीतून ते अक्षर उचलून घेत जा. रोमन लिपीत नाव असेल तर कोणता भाग आडनाव हेही पाहा. 2020 पासून सरकारी कागदांवर रोमन लिपीतही आडनाव आधी लिहितात, पण जुन्या कार्डांवर उलटा क्रम सापडेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मी तिकडे जाऊन तीन महिने झाले होते. एका दुपारी बाहेरच्या कंपनीतून फोन आला. त्यांना आमचे विभागप्रमुख हवे होते. समज, त्यांचं नाव तनाका. ते जागेवर नव्हते. मी शिकलेलं सगळं पणाला लावून म्हणाले, ‘तनाका बुचोओ वा इमा इराश्शाइमासेन,’ म्हणजे विभागप्रमुख तनाका आत्ता इथे नाहीत. नावापुढे बुचोओ, म्हणजे विभागप्रमुख, हे पद लावलं, क्रियापद आदरार्थी घेतलं, आवाज मऊ ठेवला. फोन ठेवला तेव्हा मनातून खूश होते. संध्याकाळी आमच्यातली एक वयाने मोठी सहकारी मला चहाच्या खोलीत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाहेरच्या माणसाशी बोलताना ते तुझे साहेब नसतात. ते आपल्यातले असतात.’

मला ते कळलंच नाही. तिने मग वाक्य लिहून दिलं: ‘तनाका वा तादाइमा सेकी ओ हाझुशिते ओरिमासु.’ तनाका सध्या जागेवर नाहीत. नुसतं तनाका. सान नाही, पद नाही, आणि क्रियापदही नम्रतेचं, म्हणजे आपल्याकडची बाजू खाली घेणारं. ज्या माणसासमोर मी सकाळी कमरेत वाकले होते, त्याचं नाव मी परक्यासमोर असं उघडं कसं घेऊ? त्या रात्री मला झोप आली नाही.

आपली मराठी कशी आहे ते आठव. साहेब बाहेरच्यांसमोरही साहेबच असतात. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असंच आपण गिऱ्हाइकाला सांगतो. आजोबांबद्दल कुणाशीही बोललो तरी ‘आजोबा आले’, आणि पत्रात ‘ती. बाबांस’. आपल्याकडे मान त्या माणसाबरोबर चालतो. तो जाईल तिथे मान जातो. जपानीत मान ऐकणाऱ्याकडे पाहून ठरतो. आतले कोण, बाहेरचे कोण, म्हणजे त्यांच्या भाषेत उची आणि सोतो, हे आधी पाहायचं. बोलताना बाहेरच्याला वर ठेवायचं आणि आपल्या बाजूचे सगळे, अगदी कंपनीचे अध्यक्षसुद्धा, आपल्याबरोबर खाली. तोच फोन कंपनीतल्याच दुसऱ्या विभागातून आला तर तनाका पुन्हा तनाका बुचोओ होतात. रेषा सरकते, आणि प्रत्येक वाक्याआधी ती कुठे आहे हे ओळखावं लागतं. घरातही तसंच. आईला समोर ‘ओकाआसान’ म्हणतात, पण बाहेर तिच्याबद्दल बोलताना ती ‘हाहा’ होते; दुसऱ्याची आई मात्र ओकाआसानच. तुझ्या आईचा विषय निघेल तेव्हा ‘हाहा’ म्हणताना सुरुवातीला काहीतरी चुकतंय असं वाटेल. वाटू दे.

याची दुसरी बाजू मला वर्षभराने उमगली. एका ग्राहकाकडे आम्ही तिघं गेलो होतो. आमच्या वरिष्ठांनी माझी ओळख करून देताना माझं नुसतं आडनाव घेतलं. पुढे सान नाही, काही नाही. ऑफिसात ते मला रोज सान लावून हाक मारायचे. मी परदेशी, वर बाई, म्हणून परक्या लोकांसमोर माझी किंमत कमी केली असं माझ्या मनाने घेतलं. परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीबाहेर बघत गप्प बसले होते, आणि उमेदा स्टेशन यायच्या जरा आधी ते चहाच्या खोलीतलं वाक्य आठवलं. त्यांनी तनाकांचं नाव ज्या रांगेत ठेवलं असतं, त्याच रांगेत माझं ठेवलं होतं. तोवर कार्यक्रमांत मला सान लावून ओळख करून द्यायचे, कारण मी पाहुणी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी आतली झाले होते. मुली, तुझंही नाव कधीतरी असं उघडं घेतलं जाईल. तेव्हा दुखावून घेऊ नकोस.

पण हे नाव उघडं घेणं फक्त बाहेरच्यांसमोर, आणि फक्त आपल्या माणसाचं. तोंडावर सान गाळणं याला तिकडे योबिसुते म्हणतात, नुसतं नाव फेकणं. ते एकतर फार जवळिकीचं असतं नाहीतर अपमानाचं. ते किती बोचतं याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल. पूर्वी बातम्यांत पकडलेल्या संशयिताचं नाव नुसतं छापायचे. 1980च्या दशकात माध्यमांनी ते बदललं, आणि आता नावापुढे ‘योओगिशा’, म्हणजे संशयित, असं लावतात. आरोप असलेल्या माणसाचंही नाव उघडं ठेवायचं नाही, असं ठरवलं त्यांनी. तू आणि तुझ्या मैत्रिणी ॲनिमे बघत मोठ्या झालात, मला ठाऊक आहे, आणि तुमचे कान त्यामुळेच इतके तयार झाले. तिथली पात्रं एकमेकांना सर्रास नुसत्या नावाने हाका मारतात, कुणी ‘दोनो’ हा जुन्या वळणाचा मान लावतं. ते कानांत राहू दे, जिभेवर आणू नकोस.

साहेबांना काय म्हणायचं, हे तू विचारलंस. पद हाच मान असतो. तनाका बुचोओ, किंवा नुसतं बुचोओ. ‘बुचोओ-सान’ किंवा लिहिताना ‘बुचोओ-सामा’ करू नकोस (सामा हा सानपेक्षा वरचा मान), मानावर मान चढतो. काही कंपन्यांत आता वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सानच म्हणायची पद्धत आहे. तुझ्याकडे काय चालतं ते पहिल्या आठवड्यात कान देऊन ऐक आणि मग बोल. सेन्सेई हा मान शिक्षक, डॉक्टर, वकील, लेखक, आमदार-खासदार अशांना. तोही दुसऱ्याने द्यायचा. ‘मी शिक्षिका आहे’ असं सांगायचं तर क्योओशी हा साधा शब्द आहे.

‘कुन’ तू कुणाला वापरू नकोस, सध्या तरी. वरच्याने धाकट्याला, बहुधा पुरुषाला, लावायचा तो शब्द. गंमत अशी की जपानच्या संसदेत अध्यक्ष सगळ्या सदस्यांना कुनच लावून पुकारतात, तशी जुनी रीत आहे. 1993 साली दोई ताकाको कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांनी कुनऐवजी सान म्हणायला सुरुवात केली. एवढ्याशा दोन अक्षरांनी केवढी जाग आली असेल त्या सभागृहाला! त्यांच्यानंतर कुन परत आलं, पण मला ती गोष्ट फार मोलाची वाटते. ‘चान’ लहान मुलांचं आणि जवळच्यांचं. ओसाकात मात्र तुला तोंडात टाकायच्या गोळीलाही चान लावलेलं ऐकू येईल, आमे-चान. तिथल्या आज्या पर्समधून काढून अनोळखी माणसाच्या हातावर ठेवतात. घे, आणि आभार मान.

सूर्याला ओहिसामा आणि चंद्राला ओत्सुकिसामा म्हणणारी ही भाषा आहे. आपण चंद्राला मामा केलं, त्यांनी सामा. पुस्तकाच्या दुकानदाराला होनयासान म्हणतात तेव्हा मला आपले दूधवाले काका आठवतात. फरक एवढाच की आपल्यासारखं रस्त्यात कुणालाही काकू-मावशी करू नकोस. ‘ओबासान’ ऐकून चाळिशीतली बाई दुखावू शकते. अनोळखी माणसाला ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, एवढं पुरतं.

‘तुम्ही’साठी शब्द शोधू नकोस. पुस्तकात ‘आनाता’ असतं, पण वरिष्ठाला ते म्हटलं तर कानाला टोचतं. घरात बायको नवऱ्याला आनाता म्हणते, ते आपल्या ‘अहो’च्या जवळचं. ऑफिसात नाव किंवा पदच ‘तुम्ही’च्या जागी ठेवायचं: ‘तनाका-सान येणार का?’ आपणही ‘सर चहा घेणार का?’ म्हणतोच की. हे तुला जड जाणार नाही.

आता लिखाण. माणसाच्या नावापुढे ‘सामा’, संस्थेच्या किंवा विभागाच्या नावापुढे ‘ओन्चू’, दोन्ही एकदम नाही. अनेकांना मिळून लिहिताना ‘काकुई’, त्याच्यापुढे पुन्हा सामा नको. तुझ्या पाकिटावर तू माझ्या नावापुढे ‘सेन्सेई-सामा’ लिहिलं होतंस. माया पोचली, पण नुसतं सेन्सेई पुरे. आणि एक रीत तर मला जपानी शिष्टाचारातली सर्वांत सुंदर वाटते. परतीचं पाकीट छापताना पाठवणारा स्वतःच्या नावापुढे ‘इकी’ एवढंच छापतो, म्हणजे ‘यांच्याकडे’. उत्तर पाठवणाऱ्याने त्या इकीवर रेघा मारून शेजारी सामा किंवा ओन्चू लिहायचं. लग्नाच्या उत्तरकार्डावर तर ‘गो-शुस्सेकी’, म्हणजे ‘आपली उपस्थिती’, असं छापलेलं असतं, त्यातलं आपल्याला मान देणारं ‘गो’ आपण खोडायचं. समोरच्याने स्वतःला कमी लेखलं ते आपण भरून द्यायचं, आणि त्याने आपल्याला जास्त दिलं ते आपण काढून टाकायचं. बँकेचा किंवा सरकारी कचेरीचा पहिला फॉर्म येईल तेव्हा पट्टी घेऊन नीट दोन समांतर रेघा मार.

तुझ्या नावाचंही आधीच ठरवून ठेव. पासपोर्टवर तुझ्या नावाशेजारी बाबांचं नाव आहे, त्यामुळे दवाखान्यात तुझं, बाबांचं नाव आणि आडनाव सगळं एका दमात पुकारून शेवटी सामा लावतील. गोंधळू नकोस, तूच ती. ऑफिसात मात्र परदेशी माणसाला बऱ्याचदा पहिल्या नावाने सान म्हणतात. तुला आडनावाने हाक हवी असेल तर पहिल्याच दिवशी सांग, आणि काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या त्यांच्या लिपीत, ते कसं लिहायचं हेही तूच लिहून दे. नाहीतर दुसरं कुणी लिहील आणि तेच पुढे चिकटेल.

तनाकांचं ते फोनवरचं वाक्य एका चिठ्ठीवर लिहून फोनशेजारी चिकटव. माझी चिठ्ठी वर्षभर तिथे होती. फोन वाजला की आधी विचार: आतून आहे की बाहेरून? मग उचल. तीन घंट्यांच्या आत, पण हा विचार झाल्यावर.

मेमध्ये सुट्ट्या लागल्या की लिही. चहाच्या खोलीत तुला कोण घेऊन गेलं तेही कळव.

तुझी,
काकू