कमी तेलात, क्रीम-काजू न घालता मिश्र भाज्यांची दाट आणि चवदार रस्साभाजी घरी कशी करावी?

या प्रश्नामागे सहसा दोन तक्रारी असतात: तेल कमी केलं की भाजी बेचव लागते, आणि क्रीम-काजू वगळले की रस्सा पांचट होतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे.

आधी तेलाचं बघू. चार माणसांच्या भाजीला 4 चहाचे चमचे, म्हणजे 20 मिली तेल पुरतं. माणशी एक चमचा, साधारण 40 कॅलरी. बिनतेलाची भाजी करायच्या फंदात मात्र पडू नका. मसाल्याचा वास तेलातच उतरतो, आणि गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन अंगी लागायलाही थोडा स्निग्धांश लागतो. उलट 25 टक्के फॅटचं 100 मिली क्रीम घातलं तर एकट्या क्रीममधून 25 ग्रॅम फॅट पोटात जातं, म्हणजे पाच चमचे तेलाहूनही जास्त. त्यामुळे काटछाट करायचीच तर आधी क्रीमवर करा, फोडणीवर नको.

प्रमाण असं घ्या: फ्लॉवर 200 ग्रॅम, फरसबी 100 ग्रॅम, गाजर 100 ग्रॅम, मटार 100 ग्रॅम, एक मध्यम बटाटा, दोन कांदे अगदी बारीक चिरून, दोन टोमॅटो किसून, दोन चमचे आलं-लसूण वाटण. मसाल्याला अर्धा चमचा हळद, दीड चमचा तिखट, दोन चमचे धणे-जिरे पूड, एक चमचा गोडा किंवा गरम मसाला. मीठ एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 5-6 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी 5 ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. ही भाजी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दीड ग्रॅम येतं. तयार मसाल्याच्या पाकिटात बहुतेकदा मीठ असतंच, ते वापरत असाल तर आपलं मीठ निम्मं करा.

भाज्या धुऊन मग चिरा. चिरून पाण्यात टाकून ठेवल्या की क जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर मोरीत जातं.

कढई जाड बुडाची हवी. कमी तेलात पातळ बुडाच्या भांड्यात कांदा शिजायच्या आधीच करपतो. तेल नीट तापल्यावर मोहरी, ती तडतडली की जिरे, हिंग, कढीपत्ता. मग कांदा आणि त्याच्याबरोबरच चिमूटभर मीठ (एकूण मिठातलंच), म्हणजे त्याला पाणी सुटेल. मध्यम आचेवर झाकण ठेवून 5 मिनिटं, मग झाकण काढून आणखी 6-7 मिनिटं परता. खाली लागायला लागलं की तेल ओतू नका, एक-दोन चमचे पाण्याचा हबका मारा आणि बुडाला चिकटलेलं तपकिरी खरवडून कांद्यात मिसळा. रश्शाचा रंग आणि खमंगपणा त्या खरवडीतूनच येतो. असं तीन-चार वेळा करावं लागेल. इथे घाई केली तर पुढे कितीही मसाला घाला, कच्च्या कांद्याचा गोडसर वास जात नाही.

आता आलं-लसूण घालून एक मिनिट परता. हळद, तिखट आणि धणे-जिरे पूड कोरडी टाकू नका. तेल कमी असल्यामुळे ती क्षणात जळते आणि भाजी कडू होते. तीन चमचे पाण्यात कालवून घाला, मग टोमॅटो. बहुतेक पाककृतींत "तेल सुटेपर्यंत परता" असं लिहिलेलं असतं. चार चमचे तेलात ती खूण नीट दिसणारच नाही, आणि तिची वाट बघत बसलात तर मसाला करपेल. कच्चा वास गेला, मसाला गोळा होऊन कढई सोडू लागला, की झालं.

भाज्या सगळ्या एकदम टाकल्या तर फ्लॉवरचा लगदा होतो आणि बटाटा टणक राहतो. बटाटा, गाजर, फरसबी आणि ताजे मटार आधी घाला. मसाल्यात दोन मिनिटं परतून एक कप गरम पाणी घाला, झाकणावर पाणी ठेवून 8 मिनिटं शिजवा. मग फ्लॉवर, उरलेलं मीठ, झाकणावरचंच गरम पाणी, आणि आणखी 6 मिनिटं. गोठवलेले मटार शेवटच्या तीन मिनिटांत. कुकरमध्ये शिट्टी घ्यायचा मोह होतो, पण या भाजीला तो नकोच. चिंच किंवा आमसूल घालणार असाल तर भाज्या शिजल्यावरच, कारण आंबटात बटाटा आणि फरसबी लवकर मऊ होत नाहीत.

दाटपणासाठी माझी पसंती शिजवून घोटलेल्या मूगडाळीला: तीन मोठे चमचे. चव दबत नाही, थोडी प्रथिनंही मिळतात. दाण्याचं कूट दोन चमचे चालेल, पण कूट सढळ हाताने घातलं की तेलातली बचत तिथेच संपते. खोबऱ्याच्या वाटणाचंही तेच. काहीच हाताशी नसेल तर भाजीतल्याच पाच-सहा फोडी डावाने कढईच्या कडेला चेचा आणि तीन मिनिटं उकळी द्या. रस्सा एकीकडे आणि भाजी एकीकडे असं दिसत असेल तेव्हाही हाच उपाय. दही घालायचं असेल तर ते फ्रिजमधून थेट नको. एक चमचा बेसन घालून फेटा आणि मंद आचेवर ढवळत ओता, नाहीतर फाटेल.

गोडा मसाला गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. लिंबू आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. एवढं करूनही भाजी फिकी वाटली तर हात मिठाकडे जातो, पण आधी अर्धं लिंबू आणखी पिळून बघा. बहुतेकदा आंबटच कमी पडलेलं असतं. धणे-जिरे कोरडे भाजून ताजे कुटले तर फरक लगेच कळतो.

मीठ जास्त झालंच तर कच्चा बटाटा टाकून फारसं काही होत नाही. बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा उकडलेल्या भाज्या वाढवा. लसूण किंवा मसाला जळून आलेल्या कडूपणावर मात्र इलाज नाही. भाज्या घालण्याआधी तसा वास आला तर तो मसाला टाकून फोडणी पुन्हा करा. लोखंडी कढई वापरत असाल तर भाजी झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, टोमॅटोमुळे ती काळवंडते आणि लोखंडाची चव उतरते.