बायनरी सर्च ट्रीमधून नोड काढताना सक्सेसरची व्हॅल्यू वर कॉपी करून खालचा नोड काढला तर काय बिघडतं?

(नोड म्हणजे ट्रीमधली एक नोंद, सक्सेसर म्हणजे क्रमाने तिच्या लगेच पुढची.) सिस्टिम सॉफ्टवेअरमध्ये बरंच बिघडतं. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, एव्हीएल की रेड-ब्लॅक (स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या ट्रीचे दोन प्रकार; दुसऱ्यात प्रत्येक नोड लाल किंवा काळा), शेवटी घेतो. पहिल्यावरून मी एकदा चांगलाच भांडलोय.

आमच्याकडे टायमरची रांग रेड-ब्लॅक ट्रीमध्ये होती. टायमर लावणाऱ्याला नोडचाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मिळायचा, पुढे रद्द करता यावा म्हणून. एका सीनियरने डिलीट लिहिलं ते असं: नोडला दोन चाइल्ड (खाली जोडलेले नोड) असतील तर सक्सेसरचा डेटा वर कॉपी, आणि सक्सेसरचा नोड फ्री. म्हणजे रद्द केला 'अ'चा टायमर, मेमरी गेली 'ब'ची! 'ब' आपला जुना पॉइंटर घेऊन रद्द करायला गेला की क्रॅश. आणि 'अ'ने दुसऱ्यांदा रद्द केलं, तर 'ब'चाच टायमर गुपचूप मरायचा. त्यापेक्षा क्रॅश परवडला. टेस्टमध्ये ट्री इवलासा, त्यामुळे सगळं हिरवंगार. मी रिव्ह्यूत लिहिलं, डेटा हलवू नका, नोड हलवा. उत्तर आलं, "पुस्तकात असंच आहे."

असेल. पण अल्गोरिदमच्या ज्या जाडजूड पाठ्यपुस्तकाची सगळे शपथ घेतात ('इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स'), त्याने 2009 च्या तिसऱ्या आवृत्तीत हे बदललं. जो नोड काढायला सांगितला तोच निघतो. लिनक्स कर्नलमध्ये तर नोड तुमच्या स्ट्रक्चरच्या पोटातच असतो. ट्रीला व्हॅल्यू कुठे आहे हेच माहीत नाही, कॉपी करणार काय? सी प्लस प्लसचा मॅप (की-व्हॅल्यू क्रमाने ठेवणारा तयार साठा) हमी देतो की फक्त काढलेल्या घटकाचाच इटरेटर (घटकाकडे बोट दाखवणारी खूण) बाद होईल. कॉपी करून ती पाळून दाखवा.

तेव्हा सक्सेसर उचलून त्या जागी जोडा, रंग जुन्या नोडचा द्या, आणि काळा नोड हलला असेल तर फिक्सअप (रंगांचे नियम पुन्हा बसवणं) सक्सेसरने सोडलेल्या जागेपासून सुरू करा. सक्सेसर थेट उजवा चाइल्ड असेल ती केस वेगळी हाताळा, तिथेच लोक फसतात.

एव्हीएल की रेड-ब्लॅक? डिलीटला रेड-ब्लॅकमध्ये जास्तीत जास्त 3 रोटेशन (तोल साधायला नोड फिरवणं), एव्हीएलमध्ये रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या नोडपर्यंत, लागू शकतात. एव्हीएल बुटका राहतो, शोध जास्त असेल तर तो घ्या.

हां, नोडचा पॉइंटर बाहेर कुणाकडेच नसेल आणि ज्यावर क्रम लागतो ती 'की' साधा इंटिजर (पूर्णांक) असेल, तर कॉपी चालते. मग नोडची व्याख्या हेडरमध्ये (बाकीच्या कोडला दिसणाऱ्या फाइलीत) ठेवूच नका आणि एकाही फंक्शनमधून नोडचा पॉइंटर परत देऊ नका. नुसती कॉमेंट लिहून ही अट पाळली जात नाही, कितीही सीनियर माणसाने लिहिली तरी.