वाचकांचे प्रश्न : जुना ट्रॅक्टर घ्यावा की सोडावा?

प्रश्न : गवत कापणे आणि हलकी मशागत एवढ्याच कामासाठी मी ‘फर्ग्युसन टीई-२०’ हा जुना पेट्रोल ट्रॅक्टर पाहून आलो. रंग ताजा आहे, इंजिन लगेच सुरू झाले आणि आवाजही बरा वाटला. मात्र मागची अवजारे उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट उचलली गेली नाही. मालकाच्या मते ते किरकोळ काम आहे. हा व्यवहार करावा का?

उत्तर : आपण लिहिलेल्या गोष्टींपैकी इंजिन लगेच सुरू होण्याला मी सर्वांत कमी महत्त्व देईन, कारण आपण पोहोचण्यापूर्वी ते तापवून ठेवले होते की काय, हे पत्रावरून समजत नाही. पुन्हा जाल तेव्हा आधी इंजिनाच्या ब्लॉकला (ओतीव अंगाला) हात लावून पाहावा आणि तो गार असेल तरच ट्रॅक्टर सुरू करून दाखवण्यास सांगावे. (या ट्रॅक्टरचा सेल्फ गिअरच्या दांड्यानेच लागतो, त्यामुळे गिअरमध्ये असताना तो चुकून सुरू होण्याची भीती नाही, ही सोय मला आजही कौतुकाची वाटते.) सुरुवातीला थोडा निळा धूर येऊन थांबला तर हरकत नाही, पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर ऑइल जळत आहे असे समजावे. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर तेथून धुराचे भपकारे निघत असतील, तर रिंगा (पिस्टनवरची कडी) आणि लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) झिजलेले असतात. तरीही केवळ एवढ्यावरून ट्रॅक्टर नाकारू नये. या इंजिनाचे लायनर बदलता येतात, आणि १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनल्यामुळे त्यांचे बहुतेक सुटे भाग अजूनही मिळतात. तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

खरी कसून तपासणी करावी ती ओतीव भागांची. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आक्सल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले ओतीव भागच त्याचा सांगाडा असतात आणि सगळे वजन तेच पेलतात, म्हणून त्यांतील एखाद्याला तडा असेल तर ती साधी गळती राहत नाही. कडाक्याच्या थंडीत रेडिएटरमधले पाणी काढायचे राहून गेले, की ते गोठून फुगते आणि ब्लॉकची बाजू तडकते. मग कोणीतरी वेल्डिंग करतो आणि वरून रंग मारतो. ताज्या रंगावर माझा राग आहे तो यासाठी. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंवरून आणि जोडांवरून सावकाश नख फिरवावे. रंगाखालची वेल्डिंगची रेघ डोळ्यांना दिसली नाही तरी नखाला अडते. अशी रेघ सापडली तर मी तो ट्रॅक्टर घेणार नाही.

आता लिफ्ट. या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो, त्यामुळे पीटीओचा दांडा बंद असेल किंवा क्लच दाबलेला असेल तर लिफ्ट उचलत नाही. आपण गेला होतात तेव्हा दांडा लावलेला होता का, हे आधी पाहावे. मालकाचे ‘किरकोळ काम’ एवढेच असण्याची शक्यता आहे. दांडा लावूनही लिफ्ट हलली नाही, तर गिअरबॉक्समधले ऑइल काढून पाहावे, कारण गिअरबॉक्स, मागचा आक्सल आणि लिफ्ट यांना एकच ऑइल पुरते. ट्रॅक्टर वर्षानुवर्षे उघड्यावर उभा असला तर गिअरच्या दांड्याच्या मुळाशी पाणी झिरपते आणि ऑइल ताकासारखे दिसू लागते. लिफ्ट चालली, तर जड अवजार उचलून इंजिन बंद करावे. अवजार हळूहळू बसले तर चालेल; काही सेकंदांत धाडकन खाली आले तर आतल्या सीलचे काम निघते.

गवत कापणार आहात, म्हणून एक धोका सांगून ठेवतो. या ट्रॅक्टरचा क्लच एकाच टप्प्याचा आहे, म्हणजे तो दाबल्यावर चाके आणि पीटीओ इंजिनापासून सुटतात, पण एकमेकांना जोडलेलेच राहतात. त्यामुळे क्लच दाबल्यावरही कटरची जड पाती आपल्या वेगाने पीटीओमार्फत चाके ढकलत राहतात आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी पुढे सरकतो. पीटीओवर एकाच दिशेने फिरणारी कपलिंग बसवल्याशिवाय कटर जोडू नये. चढ-उताराची जमीन असेल तर रोलबारही (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) हवाच.

नखाला काही अडले नाही आणि लिफ्ट चालली, तर झिजलेल्या रिंगांसकटही हा ट्रॅक्टर आपल्या कामाला पुरेसा आहे.

प्रश्न : ‘फर्ग्युसन ३५’चे दोन डिझेल ट्रॅक्टर पाहिले, एक चार सिलिंडरचा, दुसरा तीन. सिलिंडर जास्त म्हणून पहिला घ्यावा का?

उत्तर : दोघांची प्रकृती सारखी असेल तर तीन सिलिंडरचाच घ्यावा. सुरुवातीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन थंडीत सुरू होण्याच्या बाबतीत हट्टी म्हणूनच ओळखले जाई, आणि १९५९ मध्ये त्याच्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन आले. चार सिलिंडरचा स्वस्तात मिळत असेल, तर तो पाहायला भल्या पहाटे जावे.